रागाच्या भरात मारहाण झाली, तर शिक्षेत सूट मिळते का?

प्रश्न : आमच्या इमारतीत गाडी लावण्यावरून शेजाऱ्यांशी वाद झाला आणि त्यांनी चारचौघांत आमच्या आईवरून घाणेरडी शिवी दिली. माझा धाकटा भाऊ काही न बोलता घरी आला, परंतु वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा खाली गेला आणि त्याने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. त्यांचा पुढचा दात तुटला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला आहे. शिवीमुळेच हात उठला, म्हणून भाऊ निर्दोष सुटेल का?

उत्तर : नाही. आईवरची शिवी जिव्हारी लागते, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु प्रक्षोभामुळे गुन्हा पुसला जात नाही, फार तर शिक्षा कमी होते.

आधी दाताविषयी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये जबर दुखापतीचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे हाही एक आहे. त्यामुळे कलम ११५(२) खाली एक वर्षापर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही एवढ्यावर राहिले असते, ते प्रकरण आता कलम ११७(२) मध्ये जाऊ शकते आणि तेथे सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मात्र नुसता दात तुटला एवढे पुरेसे नाही; जबर दुखापत करण्याचा भावाचा हेतू होता, किंवा तशी दुखापत होण्याचा संभव आहे हे त्याला ठाऊक होते, हेही सरकार पक्षाला सिद्ध करावे लागते. दात आधीच हलत होता का, हे दंतवैद्याच्या कागदपत्रांतून वकिलांनी अवश्य तपासावे.

आता प्रक्षोभ. तो गंभीर आणि आकस्मिक असेल, तर कलम १२२(२) लागू होते आणि कैदेची कमाल मर्यादा सातवरून पाच वर्षांवर येते. केवळ दंडावरही प्रकरण मिटू शकते. प्रक्षोभ स्वतःच ओढवून घेतलेला नसावा आणि लोकसेवकाच्या कायदेशीर कृतीमुळे झालेला नसावा, या अटी येथे आड येत नाहीत. नुसत्या शब्दांनीही असा प्रक्षोभ होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नानावटी खटल्यात १९६१ साली मान्य केले आहे.

आपल्या भावाची खरी अडचण मात्र त्याच निकालात आहे. नौदल अधिकारी नानावटी यांना पत्नीने परपुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यानंतर त्यांनी कुटुंबाला चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग त्या माणसाचे घर गाठले. मधल्या सुमारे तीन तासांत मन ताब्यात येण्यास पुरेसा अवधी मिळाला होता, असे न्यायालयाने ठरवले. तो खटला खुनाचा होता, पण ‘गंभीर आणि आकस्मिक’ हीच कसोटी येथेही आहे. वीस मिनिटे म्हणजे तीन तास नव्हेत. तरीही भाऊ घरी गेला, जिना उतरून परत आला, आणि त्या वेळात तो काय करत होता यावर उलटतपासणीत बारकाईने प्रश्न येतील. तो दारातच थरथरत उभा होता, की पाणी पिऊन, कपडे बदलून खाली आला? प्रक्षोभ सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, त्यामुळे घरातल्यांची साक्ष येथे महत्त्वाची ठरेल. शिवी दिल्याक्षणी ठोसा बसला असता, तर हा बचाव कितीतरी भक्कम झाला असता.

स्वसंरक्षणाचा मुद्दा मात्र मांडू नये, कारण शेजारी अंगावर धावून आले नव्हते आणि शिवीमुळे तो हक्क निर्माण होत नाही.

शिवी देणारेही मोकळे राहत नाहीत. शांतता भंग व्हावी या उद्देशाने, किंवा तसे होण्याचा संभव असल्याचे ठाऊक असताना, हेतुपूर्वक अपमान करणे हा कलम ३५२ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तो अदखलपात्र असल्याने पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करणार नाहीत, तरीही ज्यांनी शिवी ऐकली त्यांची नावे देऊन तक्रार नोंदवून ठेवा. ही संहिता १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना लागू आहे. घटना त्याआधीची असल्यास भारतीय दंड संहितेची कलमे लागू होतील. कलम ११७(२) चा गुन्हा जामीनपात्र आहे आणि जखमी व्यक्तीची तयारी असल्यास न्यायालयाच्या परवानगीने तडजोडही होऊ शकते, म्हणून शेजाऱ्यांकडे वकिलांमार्फत विचारणा करण्यास हरकत नाही. ती वीस मिनिटे भावाने आपल्या वकिलांपासून मात्र लपवू नयेत.