टॅरेंटुला पाळताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा चिलीयन रोझ जातीचा टॅरेंटुला (मोठा केसाळ कोळी) आज सकाळी पाठीवर पडलेला दिसला, पाय वर. घरचे म्हणतात मेला. आता काय करू? (मडगाव)

उत्तर : हात लावू नका, सरळ करायला तर मुळीच जाऊ नका. टॅरेंटुला कात टाकताना सहसा पाठीवरच झोपतो. गेले काही आठवडे त्याने खाणं सोडलं असेल, पोटावरचा टकला भाग काळपट पडला असेल, तर ही कातच आहे. मरायला टेकलेला टॅरेंटुला बहुतेक वेळा सरळ बसलेला असतो आणि त्याचे पाय अंगाखाली मुडपलेले असतात. कोळ्याच्या पायातल्या मुख्य सांध्यांना पाय ताठ करणारे स्नायूच नाहीत. पाय उघडतात ते आतल्या रक्ताच्या दाबाने. अंगातलं पाणी कमी झालं की दाब उतरतो आणि पाय आत ओढले जातात. तसं दिसलं तर वेळ न घालवता त्याचं तोंड पाण्याच्या बशीच्या काठाला टेकेल असं ठेवा. बुडवू नका.

तुमच्याकडे जे चाललंय ते मात्र लांबून बघा. आधी पाठीवरचं कवच पुढच्या कडेला उचकटतं आणि डब्याच्या झाकणासारखं वर येतं. मग एकेक पाय जुन्या सालातून मिलिमीटर-मिलिमीटरने बाहेर सरकतो. यात कित्येक तास जातात. सुटलेल्या टॅरेंटुलाचे सुळे पांढरेशुभ्र असतात, नंतर लालसर होतात आणि शेवटी काळे. ते काळे होईपर्यंत खायला देऊ नका. मोठ्या टॅरेंटुलाला दहा-पंधरा दिवस सहज लागतात. डब्यात खायला घातलेला एखादा जिवंत क्रिकेट (रातकिडा) राहिला असेल तर त्याला हलक्या हाताने काढा, कारण मऊ अंगाला तो कुरतडतो आणि टॅरेंटुलाला त्या वेळी प्रतिकार करता येत नाही. पाण्याची बशी भरलेली ठेवा, बाकी काही करायचं नाही.

प्रश्न : चवथीला आम्ही आठवडाभर पेडण्याला मूळ घरी जातो. टॅरेंटुलाला बरोबर नेऊ की शेजाऱ्यांकडे ठेवू? (पणजी)

उत्तर : दोन्ही नको. निघायच्या एक-दोन दिवस आधी खायला घाला, उरलेलं भक्ष्य काढा, बशी काठोकाठ भरा आणि निर्धास्त जा. मोठा टॅरेंटुला आठवडा काय, महिनाभरही उपाशी राहतो. डब्यावर ऊन येत नाही ना आणि झाकण घट्ट बसलंय ना, एवढं बघा. खरी भीती मुंग्यांची आहे. डबा एका पाटावर ठेवून पाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आपण जेवणाच्या कपाटाला करायचो तसंच. मुंग्यांची पावडर किंवा फवारा त्या खोलीत चालणार नाही. जे मुंगीला मारतं ते कोळ्यालाही मारतं.

प्रश्न : परदेशी व्हिडिओत हीट मॅट (डबा गरम ठेवणारी चटई) लावतात, रोज पाणी फवारतात. मीही फवारतो, पण जूनपासून डब्यातल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) पांढरी बुरशी येते. (फोंडा)

उत्तर : ते व्हिडिओ थंड, कोरड्या देशांतले. गोव्यात हीट मॅटची गरज नाही, आपल्या घरातलं तापमान त्याला पुरेसं आहे. पावसाळ्यात तर हवाच एवढी दमट असते की चिलीयन रोझसारख्या कोरड्या प्रदेशातल्या जातीला ओलावा जास्तच होतो. फवारणी आजच थांबवा. बुरशी धरलेला भाग उचलून टाका, बाकीचं कोकोपीट बदलून कोरडं, हाताने दाबून बसवलेलं भरा. डब्याच्या समोरासमोरच्या बाजूंना भोकं पाडा म्हणजे हवा आरपार फिरेल. वर बारीक जाळी लावू नका, तिच्यात पायाची नखं अडकतात. बशीतला स्पंज काढून टाका, त्यात फक्त घाण साठते.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. जमिनीवर राहणाऱ्या जातीसाठी उंच काचेची टाकी घेऊ नका. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नसावं. टॅरेंटुला काचेवर चढतो आणि पडला तर पोट फुटू शकतं.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. आमच्या कुळागराच्या (माडा-पोफळीच्या बागेच्या) बांधात बिळं आहेत, रात्री टॉर्च मारला की केसाळ पाय दिसतात. विकत घेण्यापेक्षा तोच काढून पाळू का? (वाळपई)

उत्तर : नको, काढू नकोस. म्हादई किंवा इतर कुठल्याही अभयारण्यातून असा प्राणी उचलणं हा सरळ गुन्हा आहे, पण तुमचा बांध हद्दीबाहेर असला तरी माझं उत्तर तेच. आपल्या सह्याद्रीत बिळात राहणारे थ्रिग्मोपियस नावाचे टॅरेंटुला आहेत. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉकने १८९९ मध्ये या प्रजातीचं वर्णन केलं. मादीला वयात यायला वर्षं लागतात आणि पुढे ती त्याच बिळाच्या आसऱ्याने राहते. बीळ फोडून ती काढलीस तर त्या बांधावरची पिढीच गेली. शिवाय आपले टॅरेंटुला चपळ, लगेच चावायला येणारे. नवख्याच्या हाताखालचे नव्हेत. तुझ्याकडे टॉर्च आहे, बांध आहे. दर आठवड्याला त्याच बिळापाशी जा, अंतर ठेवून बस, पहिल्या पावसानंतर काय बदलतं ते वहीत लिही.

पाळायचाच तर पैदाशीतला, दक्षिण किंवा मध्य अमेरिकेतल्या शांत जातीचा, कागदपत्रांसह घे. त्यातली मेक्सिकन रेड नी ही जात सायटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणारा कागद देत नसेल तर तिथून निघ. मादी वीस वर्षंही जगते, हे घरी आई-बाबांना आधीच सांग.

प्रश्न : भाचे हातात द्या म्हणून हट्ट करतात. देऊ का? (म्हापसा)

उत्तर : नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच जाती मागच्या पायांनी पोटावरचे काटेरी केस उडवतात. त्वचेला खाज सुटते ती जाते, पण डोळ्यात गेले तर चोळू न देता थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. मुलांना त्याची जुनी कात दाखवा. सुळ्यांसकट सगळं हातात घेऊन बघता येतं, आणि मुलं त्यात रमतातही.

प्रश्न : स्वयंपाकघरातलं झुरळ चालेल का? (डिचोली)

उत्तर : नाही. कुठल्या घरातलं पेस्ट कंट्रोल खाऊन ते आलंय, सांगता येत नाही. दुकानातले क्रिकेट किंवा डुबिया (खाद्यासाठी वाढवलेली झुरळं) घ्या. भक्ष्य टॅरेंटुलाच्या पोटापेक्षा लहान असावं. मोठ्याला आठ-दहा दिवसांतून एकदा पुरे. चोवीस तासांत खाल्लं नाही तर काढून टाका.