भाड्याच्या लेन्सवर गुलाल: पुसायचा कुणी, भरायचं कुणी?

प्रश्न: सर, अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर मिरवणूक शूट करायला २४-७० मिमी झूम लेन्स दोन दिवस भाड्याने आणली होती, गुलाल एवढा उडाला की लेन्स पार गुलाबी. घरी येऊन ओल्या रुमालाने पुसली. परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणतो पुढच्या काचेचं कोटिंग गेलंय, आतपण धूळ आहे, डिपॉझिटमधले ९,००० कापणार. पुसायचं काम माझं होतं की त्यांचं? आणि धूळ माझ्यामुळेच गेली कशावरून?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: पुसणं तुमचंच काम, जशी आणली तशी परत द्यायची, त्यात वाद नाही. घोळ झाला तो ओल्या रुमालाने. गुलालाबरोबर रस्त्यावरची बारीक रेती पण काचेवर बसते, पाणी लागलं की सगळ्याचा लगदा होतो आणि तो घासला की पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच. कोटिंग म्हणजे काचेवरची चकाकी कमी करणारा थर, तो अगदीच पातळ असतो हो.

पुढच्या वेळी लेन्सचं तोंड खाली करून आधी रबरी ब्लोअरने हवा मारा (तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते), मग मऊ ब्रश, तरीही डाग राहिलाच तर मायक्रोफायबरच्या कापडावर लेन्स क्लीनरचा थेंब घेऊन मधून कडेकडे हलक्या हाताने गोल फिरवायचं. थेंब डायरेक्ट काचेवर नको, कडेने आत उतरतो. शर्टाचं टोक, वेट टिश्यू, घरातला काचेचा स्प्रे, सगळं बाद. आणि मिरवणुकीत शिरताना साधा यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे बसवायची जादा काच) लावला असता तर घासला गेला असता तो फिल्टर, लेन्स नाही.

आतल्या धुळीचं वेगळं आहे. बहुतेक २४-७० लेन्समध्ये झूम करताना नळी पुढे येते आणि आत हवा ओढते, त्यामुळे भाड्याने फिरणाऱ्या लेन्समध्ये थोडीफार धूळ असतेच, फोटोत ती सहसा दिसतही नाही. तेवढ्यासाठी पैसे कापणं मला पटत नाही. गुलाबी असेल तर मात्र राव, ती तुमचीच!

आता पैशाचं. १८७२ च्या करार कायद्यात कलम १५१ म्हणतं की सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूला जपतो तेवढं भाड्याच्या वस्तूला जपायचं, आणि १५२ प्रमाणे तेवढं जपूनही नुकसान झालं तर जबाबदारी तुमची नाही, पण वेगळी अट लिहून सही केली असेल तर ती अट चालते. म्हणून आधी तो फॉर्म काढून वाचा. कलम ७४ मुळे दंड आधीच लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाईच, तेव्हा दुकानदाराला सांगा की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट दाखवा, त्यात काच बदलायचा खर्च वेगळा आणि आतल्या साफसफाईचा वेगळा. काचेचं तुम्ही द्या, साफसफाईवर भांडा. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, पण ओल्या रुमालाची गोष्ट तिथेही निघणार हे धरून चाला.

प्रश्न: भाड्याच्या लेन्समध्ये बुरशी निघाली, दुकानदार म्हणतो तुम्ही ओलाव्यात ठेवली. तीनच दिवस होती हो माझ्याकडे, मुळशीला प्रीवेडिंग होतं.
– एक वाचक, हडपसर

उत्तर: पावसाळ्यातली मुळशी असली तरी तीन दिवसांत डोळ्यांना दिसेल एवढी बुरशी चढत नाही, ती आधीचीच. कलम १५० प्रमाणे भाड्याने दिलेल्या वस्तूत आधीपासून दोष असेल तर त्यामुळे घेणाऱ्याचं होणारं नुकसान देणाऱ्याच्या अंगावर, त्याला माहीत नव्हता तरीही. फक्त ते सिद्ध करता आलं पाहिजे. लेन्स हातात घेतली की दुकानातच मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून मारा, पुढून बघा, जाळ्यासारखं काही दिसलं तर घेऊच नका. मग सीरियल नंबर, दोन्ही काचा आणि झूम रिंग फिरवताना एकच सलग व्हिडिओ काढायचा, काउंटरवरच्या माणसाचा आवाज त्यात आला तर बरंच, आणि लगेच त्याच दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाकून द्यायचा म्हणजे तारीख-वेळ आपोआप राहते. परत देतानाही असाच.