मुलांच्या फुटबॉल संघाला पहिल्यांदाच परदेशी न्यायचं आहे. 'सांस्कृतिक देवाणघेवाण' म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावातला १४ वर्षांखालचा संघ आहे, पुढच्या जुलैत युरोपातल्या एखाद्या स्पर्धेला न्यायचा विचार चाललाय, आणि अध्यक्षांचं म्हणणं पडलं की नुसते सामने खेळून यायचं नाही, सांस्कृतिक देवाणघेवाण झाली पाहिजे. हे वाक्य वाचून हसू आलं. आमचे अध्यक्षही अगदी हेच म्हणाले होते, आणि त्या एका वाक्यापायी आम्ही २४ लेझमी घेऊन स्वीडनला गेलो.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून शाहू स्टेडियमवर खेळलो (खेळलो कमी, बाकावर बसलो जास्त), आता भागातल्या पोरांच्या संघाचा मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे पाण्याच्या बाटल्या, क्रेप बँडेज आणि पालकांचे फोन. २०२५ च्या जुलैत १५ पोरं आणि ४ मोठी माणसं असे आम्ही गोथेनबर्गच्या गोथिया कपला जाऊन आलो. १९७५ साली सुरू झालेली ही स्पर्धा बीके हेकेन हा तिथला क्लब भरवतो. कोरोनाची २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं सोडली तर दर जुलैत होते. दीड हजारावर संघ येतात, सत्तरेक देशांतून. गावजत्राच ती, फक्त देवाच्या जागी चेंडू. तुम्ही ओस्लोच्या नॉर्वे कपला जा नाहीतर डेन्मार्कच्या दाना कपला, साधारण घडण सारखीच आहे, त्यामुळे पुढचं सगळं तुम्हाला लागू पडेल.

आधी लेझमींचं सांगतो, कारण चूक तिथंच झाली. आम्ही दोन महिने कार्यक्रम बसवला. फेटे, कुर्ते, २० मिनिटांची लेझीम, शेवटी शिवरायांचा जयजयकार. पण अशा स्पर्धेत दिवसाला एक, कधी दोन सामने असतात, मैदानं शहरभर विखुरलेली आणि मधला वेळ ट्रामच्या थांब्यावर जातो. कार्यक्रमाला जागा मिळाली ती बुधवारी संध्याकाळी, आम्ही उतरलो होतो त्या शाळेच्या हॉलमध्ये. त्या दिवशी पोरं दोन सामने खेळून आली होती. पायात गोळे आलेले, एकाचा फेटा दुसऱ्या ठेक्यालाच सुटला. समोर प्रेक्षक ११. त्यातले सात तिथले मराठी लोक, व्होल्वोचं गाव असल्यानं पुण्याकडची बरीच इंजिनियर मंडळी तिकडं आहेत, आणि बिचारी आमच्यासाठीच आली होती. उरलेले चार कुठल्याशा दुसऱ्या संघाचे, पावसातून आत आलेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी फोटो काढून घेतले. झालं.

आता खरी गोष्ट. लेझमीच्या जोडीला आम्ही एक हलगी नेली होती. कातडी हलगी तापवल्याशिवाय कडाडत नाही हे तुम्हाला सांगायला नको. तिथं दोन दिवस झिरझिर पाऊस, कातडं पार सैल पडलेलं, वाजवली की पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज. हॉलमध्ये ती तशीच भदभद वाजली, म्हणून वाजवणारं पोरगं रडकुंडीला आलं होतं. आपल्याकडं असतं तर कागदाचे बोळे पेटवले असते. शाळेच्या आवारात काडी ओढायची सोय नाही, खोलीत धूर झाला तर भोंगा वाजतो. पोरगं हलगी घेऊन व्हरांड्यात बसलेलं. समोरच्या वर्गात नॉर्वेच्या मुलींचा संघ उतरलेला होता. त्यातली एक बाहेर आली, ओले केस, हातात केस वाळवायचं यंत्र. ह्यानं हलगीकडं बोट दाखवलं, मग यंत्राकडं. शाळेत इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारं हे पोर तिला म्हणतंय, "स्किन. कोल्ड. हीट प्लीज."

तिला पहिल्यांदा काय कळलं देव जाणे, पण तिनं वायर लावली आणि गरम वारा कातड्यावर धरला. हा बोटानं टिचक्या मारत राहिला. मिनिटभरानं आवाज चढायला लागला तसे तिचे डोळे मोठे झाले. मग ती स्वतःच कान लावून बघू लागली, कड सैल वाटली की तिकडं वारा न्यायची. पाच मिनिटांनी हलगी अशी कडाडली की वरच्या मजल्यावरून लोक खाली आले. पुढचा तासभर त्या व्हरांड्यात काय चाललं होतं ते मला धड सांगता येणार नाही. हलगी हातोहात फिरत होती, मेक्सिकोचा एक संघ नाचत होता, आमची पोरं त्यांच्या पायांकडं बघून पाय टाकत होती. रात्रीचे साडेनऊ झाले तरी उजेड तसाच, कारण तिथं जुलैत सूर्य दहाच्या पुढं मावळतो. हॉलमधल्या कार्यक्रमाला ११ माणसं, आणि इथं शंभर तरी. अध्यक्ष तेव्हा झोपले होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: आठवड्यातल्या निदान तीन संध्याकाळी मोकळ्या सोडा. संग्रहालय नको, शहरदर्शन नको, सत्कार नको. पोरांना मुक्कामाच्या शाळेच्या आवारात चेंडू देऊन सोडा. आणि हातात काहीतरी द्या, कारण १३ वर्षांच्या पोराला अनोळखी माणसाशी नुसतं बोलता येत नाही, वस्तू असली की येतं. तिथं सगळे संघ पिना, झेंडे, बिल्ले अदलाबदल करतात. आम्ही महाद्वार रोडवरून कोल्हापुरी चपलेच्या आकाराच्या किल्लीच्या साखळ्या नेल्या होत्या, २००. दोन दिवसांत संपल्या. ४०० न्यायला हव्या होत्या. जाताना अध्यक्षांच्या आग्रहावरून शाल-श्रीफळंही नेली होती. पहिल्या सामन्यानंतर स्वीडिश कोचला शाल पांघरून नारळ हातात दिला. तो भला माणूस नारळ कानाशी हलवून बघत होता आणि त्याची पोरं आमच्या पोरांना विचारत होती, हा बॉल आहे का. ते मात्र बरं झालं, कारण मग आमच्या बॅकनं तो तिथंच कट्ट्यावर आपटून फोडून दाखवला आणि खोबरं वाटलं. तेवढ्यानं दोन्ही संघ एका जागी बसले.

खाण्याबद्दल. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, सुकं मटण सगळं बाद, आयांना आधीच सांगा. कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी, चिरमुरे, दशम्या आम्ही नेल्या. चटणी तिसऱ्या दिवशी सोन्याच्या भावानं वाटली जात होती. सकाळी तिथं ब्रेड, चीज, काकडीच्या चकत्या आणि 'फिल' म्हणून आंबट दाटसर दुधाचा प्रकार असतो. सगळे त्यात गोड लाह्या घालून खात होते. आमच्या एकानं चव घेतली, "ताक हाय की ओ सर," म्हणाला, मीठ घातलं, वाटीत बोट बुडवून चटणी घातली आणि ब्रेड बुडवून खाल्ला. त्या दिवसापासून पोटाची काळजी मिटली. टेबलावर एक निळी ट्यूब असते, तिच्यावर हसऱ्या पोराचं चित्र. ती टूथपेस्ट नव्हे, ती माशाच्या अंड्यांची चटणी. हे आम्हाला एका सकाळी बेसिनपाशी कळलं.

शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपायचं असतं, गादी मिळते की आपली न्यायची ते नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या. पडदे पातळ असतात आणि साडेचारला ऊन येतं, डोळ्यांवर बांधायला रुमाल द्या. आणखी एक, जे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं: अंघोळीची जागा सामाईक आणि उघडी. तिकडची पोरं बिनधास्त. आमच्या पोरांनी पहिल्या दिवशी अंघोळच केली नाही, दुसऱ्या दिवशी चड्डी घालून केली. चड्डी घालून चालते, कुणी काही म्हणत नाही, पण हे निघायच्या आधी घरी, वडिलांनी नाहीतर तुम्ही, शांतपणे सांगून ठेवा. दारात बूट काढायची पद्धत मात्र आपल्यासारखीच निघाली आणि पोरांना त्याचं भारी अप्रूप.

पैसे क्रोनात चालतात, युरोत नव्हे, आणि नोटा घ्यायला बरीच दुकानं तयारच नसतात. पोरांच्या खिशात आजीनं दिलेल्या नोटा राहू द्या, खर्चाला कार्ड लागेल. नळाचं पाणी प्यायचं, बाटल्या विकत घेऊ नका. आम्हाला माणशी पावणेदोन लाखांच्या आसपास खर्च आला, त्यातला निम्मा विमानाचा.

खेळाचं म्हणाल तर पहिला सामना ०-६. पोरं मातीवर वाढलेली, तिथं बहुतेक मैदानं कृत्रिम गवताची, चेंडू घसरत सुसाट येतो आणि पडलं की गुडघे सोलतात. निघायच्या आधी दोन महिने तासाच्या भाड्याचे टर्फ घेऊन सराव करा, मैदान लहान असलं तरी चालेल. दुसरा सामना १-१, तिसरा २-१ जिंकला. गटातले पहिले दोन 'ए' बाद फेरीत जातात, बाकीचे 'बी'त, म्हणजे हरलात तरी पुढं खेळायला मिळतं. आम्ही 'बी'त पहिल्याच सामन्यात बाद झालो. पण पोरांना हरण्यापेक्षा दुसरंच खुपलं. पहिल्या सामन्याच्या मध्यंतराला कॅप्टन मला म्हणतो, "सर, हितं कोण वराडंत का न्हाई?" शाहू स्टेडियमच्या गोंगाटावर वाढलेल्या पोराला ती शांतता खायला उठली होती. तिसऱ्या सामन्याला ती मराठी मंडळी पिपाणी घेऊन आली, आणि जिंकलो त्याचं निम्मं श्रेय मी पिपाणीला देतो.

उद्घाटन उलेवी स्टेडियमवर असतं. १९५८ च्या विश्वचषकासाठी बांधलेलं. पेले १७ वर्षांचा असताना विश्वचषकातला त्याचा पहिला गोल याच मैदानात झाला, वेल्सविरुद्ध. विश्वचषक आला की आमच्या पेठांत ब्राझील-अर्जेंटिनावरून घराघरांत फूट पडते, त्यामुळे ही गोष्ट मी विमानातच सांगून ठेवली होती. आत गेल्यावर अर्जेंटिनावाली पोरंसुद्धा गप्प होती.

आता कागद, आणि हे मी शेवटी ठेवलंय कारण आमचा हात इथंच पोळला. १५ पोरं गेली असं वर लिहिलंय. जायची होती १६.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. १२ वर्षांवरच्या प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आम्ही रात्रीच्या गाडीनं सगळी वरात मुंबईला नेली. फी ९० युरो, ६ वर्षांपासून १२ च्या आतल्यांना निम्मी. ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आई आणि वडील दोघांचं संमतीपत्र लागतं, नोटरी करून. त्याच्याही आधी जन्मदाखला बघा. आमच्या तिघांच्या दाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं 'मुलगा', आणि दोघांच्या आडनावाचं स्पेलिंग आधारवर वेगळं. ही दुरुस्ती, मग पासपोर्ट, मग व्हिसा अशी साखळी आहे. जन्मतारखेची चलाखी तर स्वप्नातही नको, आम्हाला १ जानेवारी २०११ किंवा त्यानंतर जन्मलेलीच पोरं चालत होती आणि पासपोर्टच पुरावा होता. झारखंडच्या 'युवा' संस्थेच्या आदिवासी मुली २०१३ साली स्पेनला जाऊन गास्तेइझ कपमध्ये तिसऱ्या आल्या, त्यांनाही मैदानापेक्षा जन्मदाखल्यानंच जास्त छळलं होतं.

राहिलेला आमचा गोलकीपर. वडिलांची भाजीची हातगाडी, आयकराचं विवरणपत्र नाही, पासबुकात चार हजार. आम्ही सगळ्यांच्या अर्जाला एकच पत्र जोडलं होतं, 'सर्व खर्च संस्था करील'. संस्थेच्या खात्याचा तपशील जोडला नाही, ठराव जोडला नाही. बाकीच्यांचं वडिलांच्या कागदांवर निभावलं, त्याचं नाही. नकाराचं पत्र जायच्या नऊ दिवस आधी आलं. तो दोष पोराचा नव्हता, वडिलांचा नव्हता, माझा होता. गोलमध्ये आमचा लेफ्ट बॅक उभा राहिला, ०-६ त्यातलंच.

यंदा तो १५ च्या गटात बसतो. त्याची फाइल दिवाळीतच तयार करून वर्कशॉपच्या कपाटात ठेवलीय: संस्थेचा ठराव, सहा महिन्यांचा बँकेचा तपशील, त्याच्या वडिलांचा फेरीवाला परवाना, शाळेचं पत्र. फोटो तेवढा नवा काढायचाय. सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, आणि पोरगं मधल्या काळात वीतभर वाढलंय.