न्याय्य संक्रमण: दोन ‘य’ का, आणि ‘संक्रमण’च का

प्रश्न असा आहे की हरित अर्थव्यवस्थेवरच्या मराठी मजकुरात ‘जस्ट ट्रान्झिशन’साठी, म्हणजे प्रदूषण करणारे उद्योग बंद होताना त्यातल्या कामगारांवर अन्याय होऊ न देणाऱ्या बदलासाठी, कुठे ‘न्याय संक्रमण’ दिसतं, कुठे ‘न्यायी’, कुठे ‘न्यायिक’, यातलं बरोबर कुठलं? आणि संक्रमण म्हटलं की रोगच आठवतो, तर दुसरा शब्द नाही का?

बरोबर ‘न्याय्य’, दोन य. न्यायी म्हणजे न्यायाने वागणारा, तो माणूस असतो. न्यायिक म्हणजे कोर्टाशी संबंधित, न्यायिक अधिकारी वगैरे. न्याय्य म्हणजे न्यायाला धरून असलेलं. पाणिनीचा एक छान नियम आहे, धर्म, पथिन्, अर्थ, न्याय या चार शब्दांना य लावला की ‘त्याला न सोडणारं’ असा अर्थ होतो, म्हणून धर्म्य, पथ्य, अर्थ्य आणि न्याय्य. म्हणजे न्याय्य आणि पथ्य एकाच साच्यातले शब्द! पथ्य म्हणजे वाट न सोडणारं. आणि पथ्य कसं असतं, रोज पाळायचं, महिनाभर वाटेल ते खाऊन शेवटच्या दिवशी भरपाई करता येत नाही. मला हे जुळं फार महत्त्वाचं वाटतं, कारण या संज्ञेत नेमका तोच मुद्दा आहे, कारखाना किंवा खाण बंद झाल्यावर हातात ठेवलेला चेक म्हणजे नुकसानभरपाई झाली, बदल सुरू झाल्यापासून संपेपर्यंत न्याय सुटला नाही तरच तो न्याय्य.

मूळ संज्ञा ‘जस्ट ट्रान्झिशन’ ही कामगार चळवळीतून आली. अमेरिकेत तेल, रसायन आणि अणुउद्योगातल्या कामगारांच्या युनियनचे नेते टोनी मझोकी यांनी १९९३ च्या सुमारास कामगारांसाठी ‘सुपरफंड’ मागितला. तिथे विषारी कचऱ्याने खराब झालेल्या जागा साफ करायला १९८० पासून त्या नावाचा कायदा होता, त्यांचं म्हणणं एवढंच की मातीसाठी निधी आहे तर घातक उद्योग बंद झाल्यावर ज्याची रोजीरोटी जाते त्याच्यासाठी का नको, त्याला पगार आणि शिक्षण मिळायला पाहिजे. पुढे नाव बदलून जस्ट ट्रान्झिशन झालं आणि २०१५ च्या हवामानबदलावरच्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत ते पोचलं, तिथेही कामगारांच्या संदर्भातच.

आता संक्रमण. लागण या अर्थाने हा शब्द हल्ली वाढलाय तो मुख्यतः हिंदी बातम्यांमुळे, त्यासाठी आपल्याकडे संसर्ग आहे, लागण आहे. मराठीत संक्रमणकाळ, संक्रमणावस्था हे शब्द जुनेच आहेत. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं, संक्रमण म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं. काहीजण ‘स्थित्यंतर’ सुचवतात, चुकीचं नाही, पण स्थित्यंतर म्हटलं की फक्त स्थिती बदललेली दिसते, संक्रमणात कोणीतरी चालतंय. चालणारा दिसला की तो पलीकडे पोचला का हे विचारावंसं वाटतं. आणि याच धातूपासून ‘संक्रांत’ही आलाय बरं का, मूळ अर्थ तोच, पण मराठीत ‘नोकरीवर संक्रांत आली’ म्हणजे काय ते सांगायला नको. कोळशाच्या खाणीतल्या माणसाच्या वाट्याला यातलं काय येणार, संक्रमण की संक्रांत, ते ठरवणारं विशेषण न्याय्य, म्हणून ते गाळू नका.

कौशल्याबद्दलही थोडं, कारण या मजकुरात तो शब्द हमखास येतो आणि बहुतेक वेळा सर्टिफिकेट एवढ्याच अर्थाने येतो. कुशल या शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती कुश गवतावरून सांगतात, त्या धारदार पात्यांनी हात न कापता जो ते काढून आणतो तो कुशल. म्हणजे हाताला माहीत असलेली गोष्ट. वीस वर्षं इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा मेकॅनिक घ्या. इलेक्ट्रिक गाडीत तो आवाजच नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही, आणि नारिंगी केबल दिसली की थांबायचं कारण ती हाय व्होल्टेजची असते. आधी गाडी बंद करून इन्सुलेटेड हातमोजे घालायचे, बॅटरीचा जोड तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला काही मिनिटं थांबायचं, हातमोजे तसेच ठेवून मीटरवर शून्य बघायचं, मगच हात लावायचा. हे पुस्तक वाचून येत नाही, कोणीतरी शेजारी उभं राहून शिकवावं लागतं, आणि त्या दिवसांत घर चालेल एवढे पैसेही लागतात. ब्रेक, सस्पेन्शन, टायर यातलं त्याचं जुनं ज्ञान मात्र तसंच कामाला येतं, त्यामुळे त्याला ‘अकुशल’ धरून पहिल्यापासून शिकवायला बसवणं हा शब्दाचाही अपमान आणि माणसाचाही.

‘सहभाग’ लिहिताना तर फारच हात सैल सुटतो. मीटिंगला बोलावलं, सही घेतली, झाला सहभाग! पण त्यात ‘भाग’ आहे, भाग म्हणजे वाटा, निर्णयात वाटा नसेल तर ती उपस्थिती. स्पेनमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये बहुतेक कोळसा खाणी बंद करायचा करार झाला तेव्हा सरकार, युनियन आणि खाणमालक एकत्र बसले होते, त्यातून वय ४८ च्या पुढच्यांना लवकर निवृत्ती, बाकीच्यांना नवं प्रशिक्षण आणि त्या भागासाठी २५ कोटी युरो असं ठरलं. ब्रिटनमध्ये १९८४ च्या मार्चमध्ये खाणी बंद करायच्या निर्णयावरून संप पेटला, वर्षभर चालला, कामगार हरले, खाणी एकामागून एक बंद झाल्या आणि खाणीभोवतीची गावं कित्येक वर्षं बेकारीतून वर आली नाहीत. तिथला बदल पर्यावरणासाठी केलेला नव्हता हे खरं, पण खाण बंद होताना खाणकामगाराला विचारलं नाही की काय होतं ते तिथे दिसतं.

सोपा शब्द हवा असेल तर मी ‘रास्त बदल’ म्हणेन. रास्त फारसीतून आला, मूळ अर्थ सरळ, बरोबर, आणि ‘रास्त मागणी’ हे युनियनच्या माणसाच्या तोंडी आधीपासून आहेच. अहवालात, अभ्यासक्रमात न्याय्य संक्रमण ठेवा, पत्रकात आणि सभेत रास्त बदल चालेल, लोकांना लगेच कळेल.

आणि याच मजकुरात ‘पुनर्कौशल्य’ही दिसतं म्हणून सांगतो, संधी होताना ‘पुनर्’मधल्या र् चा क च्या आधी विसर्ग होतो, म्हणून पुनःकौशल्य असं लिहायला हवं. पण खरं तर ‘नवं काम शिकवणं’ एवढं लिहिलं तरी पुरतं, त्यात निदान कोण कोणाला शिकवणार हा प्रश्न तरी पुढे येतो.