वाचकांचे प्रश्न : आदर्श आणि आदर्शाच्या घरातील माणसे

प्रश्न : मी दापोली तालुक्यातील एका शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. महर्षी धोंडो केशव कर्वे आमच्या मुरुडचे, त्यामुळे लहानपणापासून मी त्यांनाच आदर्श मानत आले आणि वर्गातही त्यांच्याविषयी भरभरून सांगत आले. अलीकडे त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ वाचनात आले. ज्यांनी विधवांसाठी आश्रम उभारला, त्यांच्या स्वतःच्या पत्नीला मात्र त्या आश्रमात सुखाने वावरता येत नव्हते आणि घरातला पैसाही आश्रमाकडे जात होता, हे वाचून मन खट्टू झाले. ज्यांच्या घरच्यांना एवढे सोसावे लागले, त्यांना आदर्श मानावे का?

उत्तर : बाई, आपला प्रश्न नवा नाही, आणि तो सर्वप्रथम कर्व्यांच्याच घरात विचारला गेला आहे. त्यांच्या स्नुषा इरावती कर्वे यांनी आपल्या सासऱ्यांवर लिहिताना, अशा माणसाची सून होणे हे आपले भाग्य, परंतु त्याची पत्नी झालो नाही हे त्याहून मोठे भाग्य, अशा अर्थाचे लिहून ठेवले आहे. रोज ज्यांच्याशी बोलणे होते त्यांच्याविषयी, आदर यत्किंचितही कमी न करता, असे लिहिणे सोपे नसते. म्हणूनच आपल्या मनात आले ते पाप आहे, असे कृपया मानू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्यानंतर, दुसरे लग्न केले तर विधवेशीच करायचे असे कर्व्यांनी ठरवले आणि ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी, म्हणजे आपल्या मित्राच्या बालविधवा बहिणीशी, विवाह केला; याच पुढे बाया कर्वे झाल्या. गोदूबाई तेव्हा पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात, म्हणजे विधवांसाठीच्या शाळेत, शिकत होत्या. मुरुडने या जोडप्यावर बहिष्कार घातला, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. इथपर्यंत ही कथा सरळ आहे आणि आपण ती वर्गात सांगितलीही असेल.

गुंता पुढे सुरू होतो. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन झाला आणि १९०० च्या सुमारास तो पुण्याजवळील हिंगण्याच्या माळावर गेला. विधवांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करणे हा त्याचा हेतू होता. पुनर्विवाह हा त्याच्या कार्यक्रमाचा भाग नव्हता. ज्या माणसाने स्वतः पुनर्विवाह केला आणि त्याच्या प्रचारासाठी संस्थाही काढली, त्यानेच आश्रम या विषयापासून दूर ठेवला, कारण आपली मुलगी किंवा बहीण आश्रमात पाठवताना, तेथे तिचे लग्न लावून देतील ही धास्ती पालकांना वाटता कामा नये आणि देणगीदारही बिचकता कामा नयेत, असा त्यांचा हिशेब होता. व्यवहार म्हणून तो बरोबर ठरला. आश्रमात मुली आल्या, संस्था वाढली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. परंतु या हिशेबात, पुनर्विवाह केलेली स्त्री म्हणून, बायाच वजा झाल्या. कॉलेजातील शिकवणे संपले की अण्णा, म्हणजे कर्वे, हिंगण्याची वाट चालत आणि बाया मुलांसह पुण्यात संसाराची तोंडमिळवणी करीत. शिल्लक तर सोडाच, आयुर्विम्याची पॉलिसीदेखील अण्णांनी आश्रमाच्या नावे करून टाकली, तेव्हा माझे आणि मुलांचे पुढे काय, हा बायांचा सवाल कोणत्याही न्यायाने रास्तच होता.

‘त्या काळी तसेच असायचे’ असे म्हणून हे झटकून टाकावे, असे मला वाटत नाही. अण्णा त्या काळाच्या पुढे होते असे आपणच सांगायचे आणि अडचणीचे काही निघाले की त्यांना त्या काळात परत पाठवायचे, हे काही खरे नव्हे. त्यांची चूक झाली असे माझे मत आहे. संस्थेसाठी झिजण्याचा निर्णय त्यांचा होता; त्यात पत्नीची संमती किती होती, हे बायांच्या लेखनावरून पुरेसे कळते.

तरीही मी त्यांना आदर्शांच्या यादीतून वगळणार नाही. आपल्याला त्यांच्याकडून नेमके काय घ्यायचे आहे, एवढे मात्र स्वतःशी स्पष्ट करावे लागेल. मी घेतो ती त्यांची चिकाटी, पै-पैचा हिशेब जाहीरपणे मांडण्याची सवय, आणि वादाला वाद न घालता काम पुढे नेत राहण्याची रीत. घर चालवण्याची त्यांची पद्धत मी घेत नाही, आणि ती न घेतल्याने त्यांचा अपमान होतो असेही मला वाटत नाही.

याशिवाय एक सुचवावेसे वाटते. आपण मुलांना एकाच माणसाची गोष्ट सांगत आलात. आता तीच गोष्ट दोघांची म्हणून सांगून पाहा. कोवळ्या वयात विधवा झालेली, शारदा सदनात अक्षरओळख पक्की करणारी, लग्नानंतर गावाचा बहिष्कार सोसणारी, आणि म्हातारपणी, १९४४ मध्ये, जगविख्यात नवऱ्याविषयीची आपली तक्रार छापील पानावर मांडण्यास न कचरणारी ही बाई आदर्श म्हणून कोठे कमी पडते? नवऱ्याला १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. ते पाहायला बाया हयात नव्हत्या.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. त्याला शाळेत ‘माझी आदर्श व्यक्ती’ या विषयावर तीन मिनिटे बोलायचे आहे आणि त्याने महर्षी कर्वे निवडले आहेत. परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्याला पायी गेले, ही गोष्ट खरी आहे की ऐकीव?

उत्तर : खरी आहे, त्यांनी स्वतःच ती आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. वर्ष १८७५. आपल्या चिरंजीवांना गंमत वाटेल, पण ही परीक्षाही सहावीचीच होती. त्या काळी ती उत्तीर्ण होणाऱ्याला सरकारी नोकरीचा रस्ता खुला होत असे. केंद्र साताऱ्याला, म्हणजे मुरुडपासून शंभर मैलांहून दूर. घाट चढून आणि पाय सुजवून कर्वे आणि त्यांच्याबरोबरची मुले तेथे पोहोचली.

भाषणांत गोष्ट बहुधा येथे संपते आणि टाळ्या पडतात. प्रत्यक्षात पुढे असे झाले, की परीक्षेला बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असावी लागत आणि अंगाने किरकोळ असलेला हा मुलगा तेवढ्या वयाचा दिसत नाही, असे म्हणून अधिकाऱ्यांनी त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. वय पूर्ण झालेले असूनही तो तसाच माघारी आला. पुढे कोल्हापूरला जाऊन त्याने ती परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला.

चिरंजीवांना सांगा, घाट एका मिनिटात चढून व्हावा. उरलेली दोन मिनिटे साताऱ्याहून परत येतानाच्या वाटेसाठी राखून ठेवावीत, कारण त्या वाटेवर मुलाच्या मनात काय चालले असेल, हे वर्गातील प्रत्येकाला स्वतःच्या अनुभवावरून सांगता येईल.