कॅमेरे बंद झाल्यावर

प्रिय बाळा,

शुक्रवारी, ५ जुलै २०२४ला, नव्या पंतप्रधानांचं भाषण झालं आणि दुपारी तुझा मेसेज आला तेव्हा मी बाजाराच्या पिशव्या घेऊन बसमध्ये होते. "मावशी, भाषण ऐकून रडू आलं आणि लगेच रागही आला, मला काय झालंय तेच कळत नाही" एवढंच लिहिलं होतंस. बसमध्ये मला टाइप करायला जमत नाही म्हणून नुसतं हार्ट पाठवलं. आज रविवार, निवांत लिहिते.

तुला काही झालेलं नाही गं. लाउंजमध्ये आजोबांना सूप भरवता भरवता तू टीव्हीकडे बघितलंस आणि पंतप्रधानांच्या घरासमोर डाउनिंग स्ट्रीटवर उभे राहून ब्रिटनचे नवे पंतप्रधान कीर स्टार्मर म्हणाले की नर्स, बांधकामवाले, ड्रायव्हर, केअरर म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळणारे आपण, सगळे राबराब राबतात, अशा भाषणांत त्यांचं नाव घेतात आणि कॅमेरे बंद झाले की विसरून जातात, पण या वेळी तसं होणार नाही. केअरर हा शब्द देशाच्या पंतप्रधानाच्या तोंडून, पहिल्याच भाषणात. तुझ्या अंगावर तोच युनिफॉर्म, हातात चमचा. रडू येणारच. आणि राग पण बरोबरच आहे, कारण ११ मार्च २०२४ नंतर केअर वर्करच्या व्हिसावर आलेल्यांना नवरा-मुलं आणता येत नाहीत, तुझी लेक साताऱ्यात आजीजवळ झोपते, आणि हा नियम आधीच्या सरकारचा असला तरी बदलू असं यांनीही कुठे म्हटलेलं नाही.

मी इथे १९९६ला आले. पुढच्या मे महिन्यात टोनी ब्लेअर पंतप्रधान झाले, त्याच रस्त्यावर झेंडे हलवणारी माणसं, भाषण. मला तेव्हा निम्मं इंग्रजी डोक्यावरून जायचं. केअर होममध्ये मला तासाला २ पौंड ९० पेन्स मिळायचे. मग १ एप्रिल १९९९ला किमान वेतनाचा कायदा लागू झाला, ३ पौंड ६० पेन्स. त्या महिन्याची पेस्लिप मी किचनच्या लाइटखाली धरून तीन वेळा वाचली, चूक तर नाही ना म्हणून. तर बाळा, सरकार बदलल्याने काही होत नाही असं मला कुणी सांगायला आलं की मी ऐकूनच घेत नाही.

पण दुसरी बाजू पण बघितलीय. २४ जुलै २०१९, तेव्हाचे नवे पंतप्रधान बोरिस जॉन्सन, तोच दरवाजा. म्हणाले सोशल केअरचा, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या देखभालीचा, प्रश्न कायमचा सोडवू, प्लॅन तयार आहे, म्हातारपणी केअरसाठी घर विकायची भीती राहणार नाही. आमच्या केअर होममध्ये तेव्हा एक आजी होत्या, घर विकून वर्ष झालेलं तरी किल्ल्या पर्समध्ये ठेवायच्या, रोज संध्याकाळी पर्स उघडून बघायच्या आहेत ना म्हणून. मी त्यांच्या शेजारी बसून ते भाषण ऐकलं आणि खरं सांगते, विश्वास ठेवला. पुढे २०२१मध्ये केअरसाठी एका माणसाला आयुष्यभरात जास्तीत जास्त ८६,००० पौंड भरावे लागतील अशी मर्यादा जाहीर झाली, ऑक्टोबर २०२३पासून लागू होणार होती, ती ढकलली ऑक्टोबर २०२५वर. आजी तोवर गेल्या. मध्ये २०२०ला दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात उभे राहून आमच्यासाठी टाळ्या वाजवायचे आणि आत आम्ही मास्क मोजून वापरत होतो. म्हणून परवा ते कॅमेऱ्याचं वाक्य ऐकल्यावर माझ्याही पोटात कालवलं. टाळ्या खऱ्या होत्या, त्या लोकांबद्दल माझ्या मनात काही नाही, पण पगार टाळ्यांनी वाढला नाही.

तू विचारलंस, मग मी खूश होऊ की नको? मला वाटतं आत्ताच ठरवायची घाई करू नकोस. आनंद आणि संशय दोन्ही राहू देत, एकाने दुसऱ्याला गप्प करायची गरज नाही. फक्त एक कर. स्टार्मरांचं ते कॅमेऱ्याचं वाक्य त्यांच्याच शब्दांत, इंग्रजीत, वहीत लिही आणि खाली ५ जुलै २०२४ तारीख टाक. त्याच भाषणात ते म्हणाले की तुम्ही आम्हाला मत दिलं असो वा नसो, विशेषतः दिलं नसेल तर, माझं सरकार तुमच्यासाठी काम करेल, आणि विश्वास कृतीनेच परत मिळेल. तेही लिही. भाषण हवेत जातं, तारखेसकट लिहिलेलं वाक्य तसं सहज नाकारता येत नाही.

मग ते वाक्य घेऊन तुझ्या एमपीला, म्हणजे खासदाराला, मेल कर. तू ब्रिटनची नागरिक नाहीस म्हणून घाबरतेस ते माहितीय, पण तू त्या मतदारसंघात राहतेस, तेवढं पुरे. पत्ता आणि पोस्टकोड मेलमध्ये नक्की टाक, त्याशिवाय त्यांचं ऑफिस पुढे सरकत नाही. आणि तू तर मतही दिलंस की! भारतीय, म्हणजे कॉमनवेल्थ देशाची नागरिक म्हणून, आपला निळा पासपोर्ट दाखवून, ती दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेऊन. फोन करून म्हणालीस, बोटाला शाई लावली नाही मावशी, मत दिल्यासारखंच वाटलं नाही. दिलंस बाळा. स्टार्मरांच्या लेबर पक्षाला जागा ४००च्या वर मिळाल्या पण मतं मिळाली ३४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नव्या एमपींना प्रत्येक पत्र जपून वाचावं लागणार आहे.

मेलमध्ये रागाने लिहू नकोस, साधं लिही. तू किती तास काम करतेस, लेक किती वर्षांची, कधीपासून भेट नाही. भाषणात असुरक्षितता हा शब्द होता ना, मग नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी नाव देणारा मालक, शोधायला ६० दिवस मिळतात ही तुझी असुरक्षितता आहे, तीच सांग. तुझ्या होमचं नाव घालू नकोस आणि फेसबुकवर तर अजिबात काही टाकू नकोस, यात मी कडक आहे. त्याआधी युनियनची मेंबर हो, तू ते टाळतेयस. एका मेलने नियम बदलणार नाही हे मी तुला आधीच सांगते. पण होम ऑफिसपर्यंत, म्हणजे व्हिसाचे नियम ठरवणाऱ्या गृहखात्यापर्यंत, अशी किती पत्रं पोचली याने फरक पडतो, आणि एमपीच्या सर्जरीला, म्हणजे ते मतदारसंघातल्या लोकांना भेटतात त्या बैठकीला, समोर जाऊन बसलीस तर त्यांना तुझा चेहरा लक्षात राहील. मी येईन सोबत, शनिवार असला तर.

ड्राफ्ट मला बुधवारपर्यंत पाठव, इंग्रजी मी बघते. आणि लेकीचा शाळेच्या नव्या युनिफॉर्ममधला फोटो पाठवणार होतीस, तो अजून आला नाही.

तुझी मावशी