जूनमध्ये फिनिक्सच्या कॅमलबॅक डोंगरावर एकट्याने जावे का?

सह्याद्रीतील गड चढण्याची सवय आहे, जूनमध्ये कामानिमित्त अमेरिकेतील फिनिक्सला यायचे आहे, तर एखाद्या मोकळ्या दिवशी कॅमलबॅकवर एकट्याने जावे का, असे आपण विचारले आहे. मी याच शहरात राहतो आणि त्या डोंगरावर नेहमी जातो. माझे मत असे की जरूर जावे, परंतु सूर्योदयालाच चढायला लागावे आणि ऊन तापण्याआधी पायथ्याशी परत यावे. हे जमणार नसेल, तर तो बेत रद्द करावा.

माथ्याची उंची 824 मीटर, आणि एको कॅन्यनची वाट एका बाजूने जेमतेम दोन किलोमीटर. खाली घरे आणि रस्ते सतत दिसत असल्यामुळे हा डोंगर सोपा वाटतो. प्रत्यक्षात तेवढ्या अंतरात सुमारे 390 मीटरचा चढ आहे, काही टप्पे कठड्याचा लोखंडी दांडा धरूनच पार करावे लागतात, आणि सावली फारच थोडी.

आपली गडांची सवय पायांना नक्कीच उपयोगी पडेल. पाण्याच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबू नये. दमट हवेत अंगरखा भिजतो आणि किती घाम गेला ते कळते. येथील कोरड्या हवेत घाम येताक्षणीच वाळतो, त्यामुळे शरीरातील पाणी झपाट्याने कमी होत असूनही माणसाला आपण ठीक आहोत असेच वाटत राहते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे, सोबत काही खारट खावे, आणि निम्मे पाणी संपले की माथा कितीही जवळ दिसत असला तरी मागे फिरावे. हा नियम मी कधीही मोडत नाही, कारण उतरतानाच ऊन वाढलेले असते, पाय थकलेले असतात आणि वरच्या भागातील ग्रॅनाइटच्या भरड खड्यांवरून बूट घसरतात.

2023 मध्ये 30 जूनपासून 30 जुलैपर्यंत येथे सलग 31 दिवस कमाल तापमान 43 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक होते. 2021 पासून अतिउष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी महापालिका कॅमलबॅक आणि पिएस्टेवा शिखराच्या वाटा दिवसाच्या तापत्या वेळेत बंद ठेवते. तेव्हा आदल्या रात्रीच हवामानाचा अंदाज पाहावा. एकटे असाल तर परतण्याची वेळ कोणाला तरी सांगून निघावे, मोबाइल पूर्ण चार्ज असावा, आणि चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखे वाटू लागल्यास संकोच न करता 911 या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन करावा.